शाल-श्रीफळ पुरे, कथा वाचा!

"संग्रह कधी येतोय?" हा प्रश्न आम्हांला गेली तीन वर्षे विचारला जात आहे. जयंतीच्या मिरवणुकीत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, परवा तर करावे गावातल्या मासळीवाल्यांच्या समोर एका कार्यकर्त्याने हटकून विचारले. विचारणारे आपलेच समाजबांधव असतात, त्यामुळे टाळताही येत नाही. म्हणून आज या स्तंभातून हिशेबच देऊन टाकतो. बारा कथा लिहायचे ठरवले होते. सात पूर्ण झाल्या. त्यातली एक एका दिवाळी अंकाकडे चौदा महिन्यांपासून पडून आहे. होकार नाही, नकार नाही. दोन आम्हीच फाडून टाकल्या. आणि पुढची, म्हणजे आठवी, अडली आहे.

आठवी का अडली ते सांगितले पाहिजे. ही कथा भाड्याच्या खोलीची आहे. करावे गावठाणात राहायला येण्यापूर्वी आम्ही याच शहरात एका सोसायटीत घर पाहायला गेलो होतो. घर पसंत पडले, अनामत रक्कम ठरली, आणि मग सेक्रेटरी महाशयांनी अगदी सहज विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आम्ही सांगितले. चहा आला होता, तो प्यायलो. संध्याकाळी दलालाचा फोन आला की मालकाचा विचार बदलला. एवढेच घडले. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. करावे गावात आलो तेव्हा आगरी घरमालकीणबाईंनी विचारले, "माणसां किती?" आणि वर सांगितले, "पानी सकाली येतं, भरून ठेवा." गावठाणात जात नाही असे आम्ही म्हणणार नाही. तेवढे भोळे आम्ही नाही. पण खोली मिळाली.

या प्रसंगावर आम्ही कथा लिहायला घेतली आणि पाचव्या पानावर आमच्या नायकाने भाषण सुरू केले. राज्यघटनेचे कलम १५ आले, कलम १७ आले, मनुस्मृतीचे दहन आले, चवदार तळे आले. सगळे खरे होते. तरीही कथा मेली.

ती मेली हे आम्हांला आमच्या एका ताईंनी सांगितले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या खोलीवर चार-पाच जण जमतात. संस्था नाही, नाव नाही, अध्यक्ष नाही. प्रत्येकाने लिहिलेले वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, एवढाच नियम. या ताई अंगणवाडीत काम करतात आणि शाळेच्या दोनशेपानी वह्यांत कथा लिहितात. आमची कथा ऐकून त्या म्हणाल्या, "दादा, हा अग्रलेख झाला. त्या माणसाने चहा प्यायला की नाही ते सांगा ना. पुढचं आम्हांला कळतं." आम्ही रागावलो. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला कुणी शिकवलेले आवडत नाही. रात्री पुन्हा वाचले तेव्हा ताईंचे बरोबर आहे हे मान्य करावे लागले.

वाचकांना येथे बाबुराव बागूल आठवले असतील. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. त्यातली शीर्षककथाही भाड्याच्या खोलीचीच आहे. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परक्या गावी जात लपवून राहतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. साठ वर्षे उलटली. तेव्हा काठ्या पडल्या, आज दलालाचा फोन येतो. मग आमच्या कथेत नवे काय, असा प्रश्न आम्हांला कितीतरी दिवस छळत होता. नवे एवढेच आहे की आजचा अन्याय पुरावा ठेवत नाही. तो सौजन्याने होतो. आणि सौजन्याची कथा लिहिणे मारहाणीच्या कथेपेक्षा अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पण बागुलांची आठवण आम्ही आणखी एका कारणाने काढली. १७ जुलै १९३० रोजी नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेला हा मुलगा मावशीकडे माटुंगा लेबर कॅम्पात आला आणि तिथल्या कामगारवस्तीत, कम्युनिस्ट आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या सहवासात घडला. पडेल ती कामे करीत त्याने कथा लिहिल्या, त्या मासिकांतून छापून आल्या, मग पहिला संग्रह, मग १९६९ साली 'मरण स्वस्त होत आहे'. म्हणजे दोन कथासंग्रहांत सहा वर्षांचे अंतर आहे. आमच्या तीन वर्षांच्या दिरंगाईवर पांघरूण घालण्यासाठी आम्ही हा आकडा देत नाही! (थोडेसे त्यासाठीही देतो.) मुद्दा असा की हा माणूस स्वतःची कथा लिहून घरी बसला नाही. 'आम्ही' हे नियतकालिक त्यांनी चालवले, दलित पँथरच्या काळात तरुण कवी-लेखकांच्या मागे ते वडीलधाऱ्यासारखे उभे राहिले. या स्तंभातला 'आम्ही' म्हणजे मुळात एकटा माणूस आहे. बागुलांच्या 'आम्ही'त खरोखरच माणसे होती.

आणि हे एकट्या बागुलांचे नव्हते. बंधुमाधव 'जनता'त कथा लिहीत. म्हणजे आंबेडकरी कथेला पहिला निवारा चळवळीच्या पत्राने दिला, कुठल्या प्रस्थापित मासिकाने नव्हे. त्यांच्याच 'विषारी भाकरी'चे नाव घेऊन अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली दलित साहित्याचा इंग्रजी ग्रंथ संपादित केला. डांगळे स्वतः कथाकार. स्वतःच्या कथांमधून वेळ काढून त्यांनी दुसऱ्यांच्या कथा-कविता गोळा केल्या, म्हणून जगाला त्या वाचता आल्या. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी १९६७ पासून 'अस्मितादर्श'चे काम अंगावर घेतले आणि अनेक वर्षे निभावले. खेड्यातल्या मास्तरची, कारकुनाची पहिली कथा ज्या टेबलावर वाचली जाईल असे एक टेबल त्यांनी मराठीत तयार केले. उर्मिला पवार यांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह १९८८ साली आला आणि लगेच १९८९ साली मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या आठवणी त्यांनी लिहून घेतल्या. कथा लिहायची सोडून हे काम कशाला, असे कुणी त्यांना विचारले असेल काय? आमच्या मते हेही कथाकाराचेच काम होते. दुसऱ्याचे ऐकता आले नाही तर स्वतःचे लिहिता येत नाही.

आज आपण काय करतो? प्रकाशन सोहळे करतो. हॉल घेतो, फ्लेक्स लावतो, व्यासपीठावर अकरा पाहुणे बसवतो, शाल आणि श्रीफळ देतो. पाहुणे पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून वीस मिनिटे बोलतात. कार्यक्रम संपला की जो तो लेखकाकडे हात पुढे करतो, "एक भेट प्रत द्या की, साहेब." आम्ही स्वतः अशा भेट प्रती घेतल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक उघडलेल्याही नाहीत, हे येथे कबूल करतो. एका प्रकाशकाने आम्हांला आमच्या संग्रहासाठी पैसे मागितले. छपाईचा खर्च लेखकाचा आणि वर दोनशे प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या. आम्ही रागाने उठून आलो, पण बसमध्ये बसल्यावर विचार केला की दोष एकट्या प्रकाशकाचा कसा? विकत घेणारा वाचकच नसेल तर तो तरी कुणाच्या भरवशावर छापणार? १९२७ साली सुरू केलेले 'बहिष्कृत भारत' बाबासाहेबांना १९२९ साली बंद करावे लागले. अंकाचे रकाने त्यांनी बहुतांशी स्वतःच्या लेखणीने भरले होते, तरी पैशाअभावी पत्र थांबले. लेखणी कमी पडली नाही, वर्गणी कमी पडली.

म्हणून आमच्या खोलीवर गेल्या वर्षी दुसरा नियम झाला. आपल्यापैकी कुणाचेही पुस्तक आले तर प्रत्येकाने रोख पैसे देऊन एक प्रत घ्यायची आणि महिनाभरात वाचून लेखकाला दोन पाने पत्र लिहायचे. पत्रात 'अप्रतिम' हा शब्द चालणार नाही. या नियमाने आमचे दोन मित्र यायचे बंद झाले आणि तीन नवे आले. नव्यांपैकी एक नेरूळचा रिक्षाचालक आहे. खाडीकाठच्या मिठागरांवर राबलेल्या आपल्या आजोबांची कथा तो लिहितो आहे. या शहराच्या जमिनीबद्दल, सिडकोबद्दल, १९८४च्या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता त्याची कथा मात्र आम्ही तरी अजून वाचलेली नाही. तो ती लिहीत असेल तर आमची आठवी कथा आणखी दोन महिने थांबली तरी आम्हांला चालेल. त्याचे शुद्धलेखन आम्ही तपासतो, तो आम्हांला स्टेशनवर सोडतो.

ताईंच्या वह्या आता पाच झाल्या आहेत. त्यांतल्या चार कथा आम्ही संगणकावर टंकित करून दिल्या. टंकताना कळले की त्या एका वाक्यात जे सांगतात त्याला आम्ही परिच्छेद घेतो. आमच्या आठव्या कथेतून कलम १५ आणि कलम १७ आम्ही काढून टाकली आहेत. चवदार तळेही काढले, हात थरथरला तरी काढले. आता कथेत एक माणूस आहे, एक कप चहा आहे आणि वाजणारा फोन आहे. शेवट अजून सापडलेला नाही. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. पुढच्या रविवारी नेरूळहून ठाण्याची गाडी धरून आम्ही सगळे तिकडे जाणार आहोत. बागुलांचे दोन्ही संग्रह तिथे मिळाले तर पुन्हा वाचायचे आहेत. ताईंनी सहावी वही घेऊन येते असे सांगितले आहे.