खांद्याचं माप आणि खांद्याचं दुखणं



खांदा धरला की निम्मं घर अडतं. केस विंचरता येत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही. मग दवाखाना, आणि तिथून फिजिओथेरपिस्टकडे, म्हणजे व्यायामाने उपचार करणाऱ्यांकडे. तिथे कधी कधी उताणं झोपवून पट्टीने माप घेतात आणि सांगतात, "तुमचा छातीचा स्नायू आखडलाय, म्हणून खांदा दुखतोय." मग इतक्या दिवसांचे उपचार, इतका खर्च असं ठरतं, आणि गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी येते. कर्ज द्यायला आमची ना नाही. पण ज्या मापावर हे सगळं ठरलं, ते माप आपल्याला कळायला हवं.

छातीत वरच्या बाजूला, मोठ्या स्नायूखाली, एक लहान स्नायू असतो. त्याचं नाव पेक्टोरॅलिस मायनर. तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बरगडीपासून निघून खांद्याच्या फऱ्याला पुढच्या बाजूने जोडलेला असतो. तो आखूड झाला तर फरा पुढे ओढला जातो, असं मानतात. म्हणून बाईला टणक पलंगावर उताणं झोपवायचं आणि खांद्याच्या मागच्या हाडाचा कोपरा पलंगापासून किती वर राहिला ते मोजायचं. 2.6 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण एका इंचापेक्षा, जास्त अंतर असलं तर स्नायू आखूड, असा जुना नियम.

आता दोन प्रश्न आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला, तेच माप पुन्हा घेतलं तर तेवढंच येतं का? अंगणवाडीत बाळाचं वजन करताना काटा आधी शून्यावर आणतात, स्वेटर-टोपरं काढतात. नाहीतर बाळ तेच आणि वजन वेगळं. खांद्याचंही तसंच. गादी मऊ असली, एकदा उशी घेतली आणि एकदा नाही, हात एकदा पोटावर आणि एकदा बाजूला ठेवला, पट्टी तिरकी धरली, की माप बदललंच. दुखतंय म्हणून बाई अंग ताठ धरते, तेही त्यात येतं. म्हणून दर वेळी जागा तीच, हात तसाच आणि मोजणारी व्यक्तीही तीच हवी. महिन्याने मापात दोन मिलिमीटर फरक दिसला, तर तेवढ्यावरून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माप अगदी नेमकं असलं, तरी ते दुखण्याचं कारण सांगतं का? 2007 साली इंग्लंडमधल्या जेरेमी लुईस आणि रेचल व्हॅलेंटाइन या दोघांनी हेच तपासलं. खांदा दुखणारी 45 माणसं घेतली आणि न दुखणारी 45. एकाच तपासनिसाने काळजीपूर्वक मोजलं, तर पुन्हा घेतलेलं माप पहिल्याशी चांगलं जुळलं. म्हणजे पहिल्या प्रश्नात ही तपासणी पास. पण 2.6 चा नियम लावला, तेव्हा दुखणारे सगळे 'आखूड' ठरले, आणि ज्यांना काहीच दुखत नव्हतं तेही सगळे 'आखूड' ठरले!

तांदूळ चाळायला घेतले आणि खडेही वर राहिले, तांदूळही वर राहिले, तर ती चाळण काय कामाची? दर वेळी ती तेच करते हे खरं, पण निवडून काहीच देत नाही.

याचा अर्थ फिजिओथेरपी खोटी, असा मुळीच नाही. पुष्कळ प्रकारच्या खांदेदुखीत हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाच पहिला उपचार असतो आणि तो नेमाने करायलाच हवा. आमचं म्हणणं एवढंच, की एका आकड्यावरून कारण पक्कं झालं असं समजू नका. मोकळेपणाने विचारा: "ताई, दुसऱ्या खांद्याचं माप किती आलं? पुढच्या वेळी तुम्हीच मोजणार का? हे माप सोडून आणखी काय तपासलंत?" चांगल्या फिजिओथेरपिस्टला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

घरच्या घरीही एक नोंद ठेवता येते. वेणी घालता आली का, भाकरी थापताना किती दुखलं, रात्री किती वेळा जाग आली, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी ती वही दाखवा. उपचार लागू पडतोय की नाही, हे त्यावरून पट्टीपेक्षा चांगलं कळतं.

साखरेचा आजार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडून जाम होण्याचं प्रमाण जास्त असतं. पडल्यानंतर हात उचलतच नसेल, किंवा खांदा सुजून ताप आला असेल, तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि खांदा किंवा हात दुखताना छातीत दाटलं, घाम फुटला, दम लागला, तर 108 ला फोन करा. ते दुखणं हृदयाचं असू शकतं.