माशात अळी निघाली तर?

नारळी पौर्णिमा झाली की बाजारात ताजी मासळी येते आणि माझ्या दवाखान्यात मोबाइलवरचे फोटो. बांगड्याच्या पोटात पांढरी, वेटोळे घातलेली, उलगडली तर दोनतीन सेंटिमीटर भरेल अशी अळी. "डॉक्टर, दोन बांगडे खाऊन झाले आणि तिसऱ्यात हे दिसले. आता जंताची गोळी घेऊ का?"

माझा पहिला प्रश्न : मासा शिजवलेला होता ना? असेल, तर जंतसंसर्गाची भीती नाही आणि गोळीही नको.

अशी अळी बहुधा अनिसाकिस किंवा त्याच्या जवळच्या कुळातली असते. हा जंत मोठा होतो तो व्हेल आणि डॉल्फिनच्या पोटात. त्यांच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात, अळ्या आधी कोळंबीसारख्या बारीक जीवांत आणि मग माशांत शिरतात. त्यामुळे अळी दिसली म्हणजे मासा सडका किंवा घाणेरड्या पाण्यातला, असे मुळीच नाही. खुल्या समुद्रातल्या ताज्या माशातही ती असते.

माणूस या साखळीत चुकून येतो. आपल्या पोटात अळी वाढत नाही, अंडीही घालत नाही. पण जिवंत गिळली गेली तर जठराच्या अस्तरात डोके खुपसते. मग काही तासांत पोटाच्या वरच्या भागात जबरदस्त कळा, मळमळ, उलट्या. लक्षणे अल्सरसारखी वाटतात. अळी पुढे आतड्यात रुतली तर अपेंडिक्सचा संशय येतो. कच्चा मासा खाल्ल्याचे रुग्णाने सांगितले नाही, तर डॉक्टरच्या ते डोक्यातही येत नाही. दुर्बिणीने तपासताना चिमट्याने अळी काढली की बऱ्याचदा लगेच आराम पडतो.

हा आजार 1960 साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. तिथे हलके मीठ लावलेला कच्चा हेरिंग आवडीने खातात. 1968 मध्ये हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती झाली आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले. आज सर्वाधिक रुग्ण जपानमध्ये आढळतात, कारण उघड आहे.

आपले कालवण उकळते, तुकडी तव्यावर चुरचुरते. 60 अंशांच्या वर अळी टिकत नाही. फक्त जाड तुकडी काट्यापर्यंत शिजू द्या. लिंबू, व्हिनेगर किंवा वसाबीवर मात्र विसंबू नका. कच्चा खायचा मासा उणे 20 अंशांना सात दिवस गोठवलेला हवा, आणि घरचा फ्रीजर तितका थंड असेलच असे नाही. सुशी खायला गेलात तर मासा आधी गोठवला होता का, हे बिनधास्त विचारा. मासा मेल्यावर काही अळ्या पोटातून मांसात सरकतात, म्हणून पोट बाजारातच साफ करून घेतलेले बरे.

एक अपवाद सांगायला हवा : ॲलर्जी. अळीतली काही प्रथिने शिजवूनही नष्ट होत नाहीत. मासे खाल्ल्यावर कधी अंगावर पित्त उठते, कधी नाही, असे होत असेल तर दोष माशाचाच असेल असे नाही. तपासणी करून घ्या. ओठ सुजले, घसा आवळला किंवा दम लागला, तर दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.