बऱ्हाणपूरच्या केळीला बी का धरत नाही?

तापीकाठच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात आज जी केळी पिकते ती मुख्यतः ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडची ‘जी-नाइन’, या वाणाची असून तिच्या फळात बी धरत नाही आणि लागवड कंदांपासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासूनच करावी लागते. या वांझपणाचे एक मोठे कारण केळफुलातील नरफुलांच्या परागकोशात दडलेले आहे.

परागकोशातील प्रत्येक परागमातृपेशीचे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, होऊन चार परागकण तयार होतात. रानकेळीत 11 गुणसूत्रांचे दोन संच असल्याने त्यांच्या जोड्या नीट लागतात. जी-नाइनमध्ये तीन संच, एकूण 33 गुणसूत्रे, असल्याने वाटणी विषम होते, काही गुणसूत्रे मागे रेंगाळतात आणि बहुतेक पराग निकामी निपजतात.

हे पाहण्यासाठी केळफुलाची जांभळी पाने एकामागून एक सोलत आत जावे लागते, कारण बाहेरच्या पानांखालील फुलांत विभाजन केव्हाच उरकलेले असते. आतले कोवळे परागकोश काचपट्टीवर हलके दाबून ॲसिटोकार्मिनने रंगवले की गुणसूत्रे लालसर उठून दिसतात. ही पद्धत जुनी असली तरी पहिल्या पाहणीसाठी आजही तीच सोयीची आहे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक मात्र लेसरने पेशीचा एकेक थर टिपतो व इतर थरांतून येणारा प्रकाश बारीक छिद्रापाशी अडवतो, त्यामुळे पेशी न कापता तिचे त्रिमित चित्र उभे राहते. साध्या प्रकाशात किती बारीक तपशील दिसू शकतो याची सुमारे 200 नॅनोमीटरची मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींसाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल व विल्यम मर्नर यांना 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही रंगवलेली पेशी बहुधा मृत असते, ही उणीव राहतेच. प्रकाशाच्या पातळ पडद्याने नमुना बाजूने उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने ती बरीच भरून काढली असून, चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संशोधकांनी 2020 मध्ये अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपाच्या जिवंत फुलात हे विभाजन घडताना टिपले. केळफुलासारख्या जाड अवयवावर हे तंत्र वापरणे सोपे नाही, पण तो प्रयत्न व्हायलाच हवा. कारण एकाच वाणाच्या मळ्यांत पनामा मर रोग शिरला तर सगळी झाडे सारखीच दुबळी ठरतात. रोगाला तोंड देणारा वाण संकरातून घडवायचा तर सकस पराग लागतो, आणि तो सकस आहे की नाही याची पहिली परीक्षा सूक्ष्मदर्शकाखालीच होते.