काचपेटीतला पारधी

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. जालना, अंबड, परतूर येथेही ती दिसते. या हौशी मंडळींची एक तक्रार असते. गप्पी माशांची पिल्ले रोज कमी होतात, पण मेलेली मात्र एकही सापडत नाहीत. अशा वेळी आम्ही एकच प्रश्न विचारतो : पेटीतली पाणवनस्पती तळ्यातून आणली होती काय?

मुले ज्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवितात, तो चतुर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे बालपण मात्र पाण्याखाली जाते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. चतुराच्या काही जातींच्या माद्या पाण्यात अंडी सोडतात, तर काही ती पाणवनस्पतीच्या देठात खुपसतात. तेव्हा वनस्पतीबरोबर हा पारधी आपणच घरी आणतो.

पिल्लू मातकट रंगाचे असल्यामुळे गाळात दिसतही नाही. त्याचा खालचा ओठ कोपरासारखा दुमडून डोक्याखाली बसलेला असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुढे झेपावतो आणि टोकाच्या आकड्यांनी त्यास धरून तोंडाशी आणतो. त्याचे कल्ले गुदाशयात असतात. तेथले पाणी जोराने मागे फेकून ते बाणासारखे पुढे सरकते. कात टाकीत ते वाढते, आणि शेवटी काडीवर चढून पाठ उकलते व पंख घेऊन बाहेर पडते.

मग त्यास मारावे काय? आमचे मत तसे नाही. पेटीत माशांच्या पिल्लांना पळावयास वाव नसतो, म्हणून तेथे ते नको हे खरे. पण डासांच्या अळ्या हेही त्याचे आवडते खाद्य आहे. यांगून, म्हणजे जुन्या रंगून शहरी, नागरिकांच्या मदतीने घरोघरच्या पाणीसाठ्यांत चतुराची पिल्ले सोडून पाहिली. थोड्याच आठवड्यांत डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची संख्या फार घटली. हा प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला.

जालन्यासारख्या टंचाईच्या मुलखात ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे पाणी साठविल्याशिवाय संसार चालत नाही, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. पाण्यावर झाकण ठेवणे व आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणे, यास पर्याय नाहीच. परंतु बागेतला हौद किंवा गावाबाहेरचे डबके असे रोज कोण कोरडे करणार? तेथे हा पारधी विनामूल्य राबत असतो.

म्हणून पेटीत पिल्लू आढळल्यास त्यास जाळीने अलगद उचलावे आणि वनस्पती जेथून आणली त्याच तळ्यात नेऊन सोडावे. गप्पी मात्र तळ्यात सोडू नयेत. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे, आणि चतुर आपल्याच मातीचा. नवी वनस्पती पेटीत घालण्यापूर्वी काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून पाहावी, म्हणजे मासेही वाचतील आणि चतुरही.