तीन वर्षं झोपलेलं मशीन

सेमिस्टर संपवून घरी जाता, दोन महिन्यांनी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये परत येता, तेव्हा तुमची स्कूटर काय करते? रुसून बसते. आता स्कूटरच्या जागी होडीला लावायचं मशीन आणा, दोन महिन्यांच्या जागी तीन वर्षं, आणि वर देवबागची खारी हवा. ऑक्टोबरात मामाच्या पडवीत मला आणि माझ्या मामेभावाला सापडलं ते हे. गोणपाटात गुंडाळलेलं, कोपऱ्यात उभं, वर कोळ्याचं जाळं.

मामाची बायपास झाली आणि होडी वाळूवर आली ती कायमचीच. एक जण मशीन बघून गेला, म्हणाला, ‘इंजिन गेलंय, भंगारात घाला.’ भंगारवाला भाव सांगूनही गेला. मामा काही बोलला नाही. तो हल्ली कशालाच काही बोलत नाही, खुर्चीत बसून कर्ली खाडीकडे बघत राहतो. मामेभाऊ मला म्हणाला, ‘ताई, दिवाळीपर्यंत चालू करूया. नाही झालं तर देऊन टाकू.’ तो बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, मी मास कॉमवाली. आमचा दोघांचा मिळून अनुभव म्हणजे सायकलची चेन बसवणं.

पहिली गोष्ट जी तुम्हीही करायला जाल आणि करू नका: लगेच दोरी ओढणं. इतके दिवस पडलेल्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधलं तेल सुकलेलं असतं. आम्ही दोन्ही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी वरचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. फिरलं! म्हणजे जाम नव्हतं. भंगारवाल्याचा भाव तिथेच एक पायरी खाली आला.

मग खालचा भाग. पंख्याच्या वर गिअरची पेटी असते, तिला दोन स्क्रू. खालचा काढला की तेल बाहेर येतं. ते दुधाळ चहासारखं दिसलं, तर सील फाटून आत पाणी शिरलंय असं समजायचं. आमचं काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. उलटं केलंत तर तेल पायावर. आमच्या आलं.

खरा घाम काढला तो पाण्याच्या पंपाने. हे इंजिन थंड राहतं ते खाडीचंच पाणी वर ओढून. ते काम करते रबराची एक छोटी पाकळ्यांची चकती, इम्पेलर म्हणतात तिला. तिच्यापर्यंत पोचायला खालचा अख्खा पाय उतरवावा लागतो, आणि मिठाने त्याचे बोल्ट असे धरले होते की अर्धा दिवस नुसतं तेल मारून वाट बघण्यात गेला. आतल्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून तशाच कडक झाल्या होत्या. मालवणातून नवी आणली. म्हणूनच मशीन कोरडं चालवायचं नसतं. खुर्चीतून आवाज आलाच, ‘सुक्यात चालू करू नको हां, पंप जळतलो!’ तीन दिवसांतलं मामाचं पहिलं वाक्य.

कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा हिरवट-पिवळा चिकट थर. पेट्रोल शिळं होतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. उडून जायचं ते उडतं, उरलेल्याचा गोंद होतो आणि केसाएवढी भोकं बुजतात. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. मामेभावाने भोकात पिन घालायला घेतली, तर परत खुर्चीतून ओरडा. पिनेने भोक मोठं होतं आणि मग पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. क्लीनरचा स्प्रे आणि हवा, बस्स.

नवं पेट्रोल, त्यात एका लिटरला २० मिली तेल. आमच्या मशीनचं माप ते, तुमचं पुस्तिकेत बघा. तेल पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, स्कूटरचं नाही. पाण्याने भरलेल्या पिंपात मशीन टांगलं, चोक ओढला, नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. मी सतरा वेळा ओढलेलं मोजलं. अठराव्याला धूर, खोकला आणि आवाज! बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटली, म्हणजे पंप चालू. मामी दारात आली.

चार मिनिटांनी बंद.

परत चालू, परत चार मिनिटांनी बंद. दोन दिवस हेच. कार्ब्युरेटर आणखी दोनदा उघडला, प्लग बदलले, नळी बदलली. दुसऱ्या संध्याकाळी मामेभाऊ पाना टाकून म्हणाला, ‘देऊया भंगारात.’ मी पण हो म्हणणार होते. अभ्यास होता, पाठ दुखत होती.

मामा उठला. पिंपाजवळ आला, नळीतला फुगा दोन बोटांनी चाचपला. आत ओढून चपटा झाला होता. ‘टाकीच्या झाकणाचो स्क्रू सोडलंस काय रे?’

झाकणावर हवेचा एक बारका स्क्रू असतो. तो बंद असला की पेट्रोल जातं, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. टाकी स्वतःच पेट्रोल मागे ओढायला लागते आणि इंजिन उपाशी मरतं. मामेभावाने स्क्रू सोडला. फुस्स. मशीन पंचवीस मिनिटं चाललं, ते पण आम्हीच बंद केलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चौघांनी होडी पाण्यात ढकलली. डॉक्टरांनी हलकं काम चालेल म्हटलं होतं, त्यामुळे दोरी भावाने ओढली, सुकाणू मामाकडे. मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटात अडकवून मामा मला म्हणाला, ‘वल्ही घेतलंस मां? मशीनाचो भरवसो नाय.’

खाडीत अर्धा तास फिरलो. परत आल्यावर पिंपातल्या गोड्या पाण्यात मशीन चालवलं आणि नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे आत पुन्हा गोंद नको.

दिवाळीनंतर भंगारवाला आला. मामीने त्याला जुना कुकर आणि फुटकी बादली दिली.