तुघलकाचा दात आणि चौसाळ्याचा रस्ता

बीड तालुक्यात करझणी नावाचं गाव आहे आणि तिथल्या टेकडीवर दिल्लीच्या एका सुलतानाचा दात पुरलेला आहे. सुलतान म्हणजे मुहम्मद बिन तुघलक. इतिहासकार फिरिश्तानं सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं आहे की, वरंगळच्या मोहिमेतून आजारी होऊन परतणाऱ्या सुलतानाचा दात बीडला पडला, तो त्यानं इतमामानं पुरायला लावला आणि वर घुमट बांधवला. साल १३३५ च्या आसपासचं. घुमटाची पडझड झाली आहे. पाहुण्यांना ही हकीकत सांगितली की त्यांना वाटतं, आपली थट्टा चालली आहे.

मला मात्र या दातानं शाळेपासून धरून ठेवलं आहे. सरकारनं काही उफराटं केलं की ज्याचं नाव आपण आजही काढतो, ज्यानं दिल्ली उठवून देवगिरीला, म्हणजे पुढच्या दौलताबादेला, आणली, तो माणूस आमच्या तालुक्यातून नुसता गेला नाही, तर देहाचा एक तुकडा इथं ठेवून गेला. तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं कार्नाडांचं ‘तुघलक’ नाटक हा दात पडायच्या आधीच संपतं, याची चुटपुट मला अजून आहे.

गेली काही वर्षं हा दात नव्यानं आठवतो, त्याला कारण आमचं चौसाळा. सोलापूर–धुळे महामार्गावरचं, बीडपासून तीस-पस्तीस किलोमीटरवरचं हे गाव. कधीकाळी या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, २००८ च्या पुनर्रचनेत तोही गेला. इथून माणसं दोन तऱ्हांनी बाहेर पडतात. दसरा-दिवाळीला कोयते घेऊन टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, ऊस मात्र अजून त्यांच्याच हातांनी तुटतो. दुसरी जाणारी ती शिकलेली पोरं. भोसरी, चाकण, वाघोली, हिंजवडी. ही पूर्वी परतत नसत. २०२० च्या टाळेबंदीत परतली आणि त्यातली काही मागं गेलीच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडं पारावर, लग्नाच्या पंगतीत, दहाव्याच्या घाटावरसुद्धा एकच वाद ऐकू येतो: पुणं सोडून बीडला, नाहीतर थेट गावाला येऊन राहावं का?

माझा एक पुतण्या असा आला. वाघोलीत दोन खोल्यांचा फ्लॅट, त्याचे हप्ते, रोजचे तीन तास रस्त्यावर. इथं आल्यावर त्यानं ठिबकच्या नळ्या आणि मोटारींचं दुकान टाकलं. “कामून आला रे तिकडून?” असं गावात ज्यानं त्यानं विचारलं. पोरगा मोठ्या शहरातून परत आला म्हणजे तिकडं काहीतरी बिघडलं असणार, हे गृहीतच. “काका, दर माणसाला येगळं कारण सांगावं लागतं,” तो एकदा म्हणाला, “खरं सांगितलं तर कुणाला पटत नाय.” खरं कारण एवढंच होतं की त्याला यावंसं वाटलं.

सहाशे नव्वद-सातशे वर्षांपूर्वी दिल्ली सोडून आपल्याकडं आलेल्यांना हे कारण सांगायची सोय नव्हती.

१३२७ च्या त्या स्थलांतराचे तीन साक्षीदार आणि तिघांची तीन तोंडं. पहिला झियाउद्दीन बरनी. सतरा वर्षं सुलतानाच्या बैठकीतला माणूस. पुढं म्हातारपणी, दरबाराबाहेर फेकला गेल्यावर, दारिद्र्यात त्यानं इतिहास लिहिला. तो सांगतो की, देवगिरी राज्याच्या मधोमध होती, दिल्ली, गुजरात, बंगाल, तेलंगण सगळं सारख्या अंतरावर, म्हणून सुलतानाला ती भावली. आणि लगेच सांगतो की दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही. दुसरा इब्न बतूता. हा दिल्लीत पोचला १३३४ मध्ये, म्हणजे सगळं उरकून गेल्यावर. त्याच्याकडं सगळ्यात झणझणीत मजकूर आहे: लोक रात्री दरबारात शिव्यांची निनावी पत्रं टाकत, म्हणून सुलतान चिडला. शहर रिकामं झाल्यावर एक पांगळा आणि एक आंधळा सापडला. पांगळ्याला गोफणयंत्रातून फेकलं आणि आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत न्यायचा हुकूम झाला, पोचला तो फक्त त्याचा पाय. शाळेच्या पुस्तकांतून आपल्या डोक्यात बसलेला तुघलक तो हाच. ऐकीव गोष्ट रंगवून सांगणारा प्रवासी मला आवडतो, पण साक्षीला मी त्याला उभा करणार नाही. त्याच बतूतानं हेही नोंदवलं आहे की सुलतानानं लोकांची घरं रीतसर विकत घेतली आणि किंमत चुकती केली. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट आणि दुतर्फा अशी झाडं की प्रवाशाला बागेतून चालल्यासारखं वाटावं.

तिसरा साक्षीदार इसामी. आपल्याकडं याचं नाव फारसं कुणी घेत नाही आणि माझा जीव याच्यावर आहे, कारण हा स्वतः त्या तांड्यात चालत होता. वय सोळा. आजोबा इज्जुद्दीन इसामी नव्वदीचे, नोकरीतून केव्हाच मोकळे होऊन घरात बसलेले. त्यांना अंथरुणातून उठवून बाहेर काढलं. दिल्लीहून निघाल्यावर पहिलाच मुक्काम तिलपतचा, आज ते फरिदाबादेत येतं. आजोबा तिथंच गेले. नातू त्यांना तिथं पुरून पुढं चालू लागला. दहातला एकच दौलताबादेला पोचला, असं तो लिहितो. हा आकडा मला रागाचा वाटतो, मोजणीचा नाही. पण पहिल्याच मुक्कामाला आजोबा गेलेल्या पोराकडून मोजणीची अपेक्षा कुणी धरावी?

पुढची वीस-बावीस वर्षं हा गृहस्थ दौलताबादेत राहिला. चाळिशीला टेकल्यावर हिंदुस्थान सोडून मक्केला जायचं त्याच्या मनात होतं. दौलताबादच्या काझीनं त्याची गाठ नव्या बहमनी सुलतानाशी घालून दिली आणि डिसेंबर १३४९ ते मे १३५० या पाचेक महिन्यांत त्यानं सुमारे बारा हजार बैतांचं फारसी काव्य लिहून काढलं: ‘फुतूह-उस-सलातीन’. त्यात तुघलकाला जागोजाग शिव्याशाप. गावांच्या भाग्याबद्दल मात्र त्याचं एक स्वतःचं शास्त्र आहे. गाव तरतं ते तिथल्या सत्पुरुषामुळं. निझामुद्दीन औलिया १३२५ मध्ये गेले म्हणून दिल्ली बुडाली आणि त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इकडं आले म्हणून दौलताबाद सावरली. सुलतानाच्या फर्मानाला तो श्रेय देत नाही, पण गाव सावरलं हे नाकारतही नाही.

विसाव्या शतकात यावर भांडण झालं, तेही वाचण्यासारखं. आगा महदी हुसेन या अभ्यासकानं १९३८ मध्ये तुघलकाची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला: दिल्ली कधीच ओस पडली नव्हती, गेली ती दरबारी, उलेमा, सूफी अशी वरची मंडळी. पुरावा म्हणून दोन संस्कृत शिलालेख. दोन्ही विक्रम संवत १३८४ चे, म्हणजे ऐन स्थलांतराच्या काळातले. एक नारायणा गावचा: श्रीधर नावाच्या व्यापाऱ्यानं विहीर बांधली. दुसरा रायसीन्याजवळच्या सरबनचा: खेतल आणि पैतल या व्यापाऱ्यांनी विहीर खोदली. दोन्हींत राज्य मुहम्मद शहाचं म्हटलं आहे आणि तक्रारीचं अक्षर नाही. शहर उठत असताना कुणी पदरचे पैसे घालून त्याच्या शिवारात विहिरी पाडील का? मराठवाड्यातल्या माणसाला हा पुरावा पटवून द्यावा लागत नाही. गंमत म्हणजे इसामीचं काव्य संपादून आग्र्याहून छापलं तेही याच महदी हुसेननं आणि त्याच वर्षी. अशिलाविरुद्धची सगळ्यात कडवी साक्ष त्यानं स्वतःच्या हातानं बाहेर काढली. असा वकील आता मिळायचा नाही.

माझं मत महदी हुसेनच्या बाजूला झुकतं, थोडं हातचं राखून. तुघलकाचं गणित वेडगळ नव्हतं. घराची किंमत, वाटेवरची सोय, मध्यवर्ती जागा, हे सगळं आज एखादी कंपनी देते त्याहून कमी नाही. त्यानं विचारलं नाही, एवढंच. आणि हलवली ती सगळी खाणारी तोंडं. विहीर खोदणारे तिकडंच राहिले.

आलेल्यांचं इथं काय झालं, हा भाग पाठ्यपुस्तकात येत नाही. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये गेले, खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. अमीर खुस्रोचा मित्र, निझामुद्दीनांची वचनं टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्झी, तोही तिथंच पुरलेला. बतूता १३४० नंतर दौलताबादेत आला तेव्हा गाव चांगलं नांदतं होतं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा वेगळा बाजार होता आणि किल्ल्याच्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर होते.

सगळ्यांनाच ते लाभलं असं नाही. सय्यद युसुफ नावाचे एक सूफी सात वर्षांच्या मुलाला घेऊन दिल्लीहून आले आणि तीनच वर्षांत वारले. विधवा बायकोचा भाऊ दौलताबादेत मोठा अंमलदार. त्याचं आणि बहिणीचं बिनसलं आणि १३३५-३६ च्या सुमारास ती मुलांना घेऊन दिल्लीला परत गेली. गाव लहान, भाऊ मोठा, आणि भांडण झाल्यावर तोंड लपवायला दुसरी गल्ली नाही. भावकी म्हणजे काय, हे माहीत असलेल्याला त्या बाईचा निर्णय समजायला फारसी यावी लागत नाही. तो मुलगा म्हणजे पुढं गाजलेला सूफी गेसूदराज. तैमूरच्या स्वारीच्या वेळी, १३९८ मध्ये, त्यानं ऐंशीच्या घरात पुन्हा दिल्ली सोडली आणि गुलबर्ग्याला येऊन राहिला. या वेळी हुकूम कुणाचा नव्हता.

बीडच्या मुक्कामात दात पडला त्याच परतीच्या प्रवासात, दौलताबादहून दिल्लीला निघताना, सुलतानानं फर्मान काढलं की दिल्लीच्या ज्यांना परत जायचं त्यांनी जावं. बरनी लिहितो की दोन-तीन काफिले निघाले आणि ज्यांना मराठ्यांचा मुलूख मानवला ते बायकापोरांसह राहिले. हे एक वाक्य मी कितीदा वाचलं असेल. कारणं नाहीत, नावं नाहीत. राहिलेल्यांना पाणी मानवलं, की स्वस्ताई, की दिल्लीत शिल्लक काही नव्हतं? राहिलेल्यांच्याच बळावर दौलताबादेत तुघलकाविरुद्ध बंड उभं राहिलं आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य सुरू झालं. त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा दख्खनी झाली.

आता पुतण्याकडं. बीडला किंवा चौसाळ्याला येण्यातलं बरं-वाईट तो मला तोंडावर मोजून दाखवतो. बरं ते थोडक्यात आटपतं: हप्ता सोडला तर खर्च निम्म्यावर, आईवडील नजरेसमोर, दुकान स्वतःचं. वाइटाची यादी सुरू झाली की चहा दोनदा होतो. पोटात दुखलं तर बीड, फार दुखलं तर संभाजीनगर, आणि मधला रस्ता ट्रकांचा. पावसानं पाठ फिरवली तर मोठ्या शहरातही पाणी रेल्वेनं आणावं लागतं, हे २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरनं मिरजेच्या गाडीची वाट बघून दाखवलं. बीडला तर तेव्हा रेल्वेच नव्हती. १९९५ पासून मंजूर असलेल्या नगर–बीड–परळी मार्गावरची पहिली गाडी बीडहून सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षांत एक पिढी वाट बघून पुण्याला निघून गेली, मग रूळ आले.

आणि एक गोष्ट, जी आमच्याकडं आवाज खाली करून बोलतात. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा, संतोष देशमुखांचा खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या आड आल्यानं तो झाला, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. त्यानंतर पुतण्याचे दोन मित्र, जे बीडला येऊन काही उद्योग करायच्या बेतात होते, गप्प झाले. स्वस्त जागा आणि मोकळी हवा यांच्या हिशेबात हा रकाना धरायचा की नाही, हे पुण्यात बसून ठरत नाही.

सगळ्यात जड किंमत मात्र पुतण्याच्या यादीत नाहीच, कारण ती त्याची नाही. त्याची बायको वाघोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. स्वतःचा पगार, स्वतःची स्कूटी. इथं ती आल्या दिवसापासून धाकटी सून. पदर किती पुढं आहे, हे समोरच्या ओट्यावरून दिसतं. दोन वर्षांनी तिनं बीडला एका लॅबमध्ये काम धरलं, सकाळच्या एसटीनं जाते. सासूबाई तिच्यासाठी डबा भरतात, पण शेजारणीला सांगताना ‘पोरगी शिकायला जाते’ म्हणतात.

मागच्या संक्रांतीला मी तिच्यापुढं काफिल्यांची गोष्ट काढली. तिनं एकच विचारलं, “काका, ते परत गेले तेव्हा दिल्लीतली त्यांची घरं त्यांना मिळाली का?”

घरं खजिन्यानं विकत घेतली होती. रिकाम्या दिल्लीत सुलतानानं दुसऱ्या गावांहून माणसं आणून बसवली होती. परत गेलेले पोचले तेव्हा दिल्ली-दोआबात दुष्काळ पडला होता. तो इतका वाढला की सुलतानानं गंगेकाठी स्वर्गद्वारी नावाची छावणी घातली आणि दिल्लीच्या लोकांना धान्यासाठी तिकडं न्यावं लागलं. म्हणजे दौलताबाद सोडून गेलेल्यांनी काही वर्षांतच पुन्हा बोचकी बांधली.

तिनं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, “मग वाघोलीचा फ्लॅट इकायचा नाय. भाडेकरू हाय तो राहू द्या.”