डावखुऱ्यांची दुनळी

बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला पहारेकरी आणि त्याच्या गुडघ्याला टेकलेली दुनळी बंदूक हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्या बंदुकीकडे कोणी निरखून पाहत नाही. पाहिले तर ध्यानात येईल की तिला एकामागे एक असे दोन चाप आहेत. ते दोन का, आणि कोणता चाप कोणत्या नळीचा, हा प्रश्न वरवर निव्वळ यांत्रिक कुतूहलाचा वाटेल. परंतु डावखुऱ्या माणसाला हिशेबाबाहेर ठेवून वस्तू कशा घडतात, याचे त्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

रूढ पद्धत अशी की, पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डावीचा. उजव्या नळीचे तोंड तुलनेने मोकळे असते, त्यामुळे छर्रे लवकर पसरतात. डावीचे तोंड किंचित आवळलेले असते. तिचे छर्रे दूरवर एकत्र राहतात. पायाजवळून उडालेल्या पाखरावर आधी उजवी नळी झाडायची, ते लांब गेले की डावी. पाखरू समोरून येत असेल तर क्रम उलटा. ही निवड बोट अर्धा-पाऊण इंच सरकवले की होते, आणि दोन चापांचे सारे महत्त्व त्यातच आहे.

आता हीच बंदूक डावखुऱ्याच्या हाती द्या. त्याचे बोट चापांपाशी डावीकडून येते. मागचा चाप ओढला की धक्क्याने बंदूक मागे येते आणि पुढच्या चापाची पाठ बोटावर आदळते. हे टाळण्यासाठी चांगले कारागीर पुढच्या चापाची कड गोल करतात; पण ती उजवी कड, कारण उजव्या हाताचे बोट तिकडून येते. चापांभोवतीच्या कडीचीही तीच कथा. दस्ता तर पाव इंचाच्या आसपास उजवीकडे वळवलेलाच असतो, म्हणजे उजव्या खांद्याला लावल्यावर डोळा नळ्यांच्या मधोमध येतो. डाव्या खांद्यावर तोच दस्ता नजर बाजूला ढकलतो आणि नेम चुकतो. नळ्या उघडण्याची वरची कळही उजव्या अंगठ्याने उजवीकडे ढकलावी अशीच असते.

लंडनच्या नामांकित बंदूककारांनी यावर उपाय फार पूर्वीच काढले. पर्डी (स्थापना 1814) किंवा हॉलंड अँड हॉलंड (1835) यांच्यासारख्या पेढ्या गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन बंदूक बांधत. डावखुऱ्यासाठी पुढचा चाप डाव्या नळीला जोडायचा, मोकळे तोंड डावीकडे घ्यायचे, दस्ता डावीकडे वळवायचा, कळही उलटी करायची. थोडक्यात, आरशातली बंदूक. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा जोर असलेल्यासाठी दस्ता एवढा वाकवत की, खांदा उजवा आणि नजर डावी! अर्थात गिऱ्हाईक जमीनदार असे, आणि थैली मोकळी असे.

दुसरी वाट एकाच चापाची. मधोमध असलेल्या एका चापाला उजवे-डावे नसते. पण तो करणे वाटले तितके सोपे नव्हते. पहिला बार झाल्यावर बंदूक खांद्यावर आदळून पुन्हा पुढे सरते आणि बोट नकळत चाप दुसऱ्यांदा ओढते. परिणामी दोन्ही नळ्या जवळजवळ एकदमच उडत. बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसन यांनी 1894 मध्ये एकस्व घेतलेल्या रचनेत हे मधले, अजाणतेपणीचे ओढणे वाया जाऊ दिले आणि तिसऱ्या ओढीला दुसरी नळी सोडली. बोटाची चूक सुधारण्याऐवजी ती हिशेबात धरली, यात मला या माणसाची खरी बुद्धी दिसते. मात्र ऐन वेळी हवी ती नळी निवडण्याची सोय एका चापात दोन चापांइतकी सहज राहत नाही.

एका बाबतीत मात्र दुनळी डावखुऱ्याशी सर्वांत प्रामाणिक. पुष्कळ एकनळी स्वयंचलित बंदुका रिकामे काडतूस उजवीकडे, म्हणजे डाव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याच्या तोंडासमोरून, फेकतात. दुनळी उघडली की ते मागच्या बाजूने निघते, आणि सुरक्षेची कळ सहसा दस्त्याच्या मानेवर मधोमध असते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी शिकारीचा शौक संपवला, हे योग्यच झाले. उरली ती पहाऱ्याची आणि पिकांच्या राखणीची दुनळी. ती मापाने बांधलेली नसते. जी हाती येईल ती वागवायची. लहानपणी डाव्या हाताने लिहिल्याबद्दल छडी खाल्लेला पहारेकरी उजव्या खांद्याची बंदूक निमूट उचलतो. वास्तविक अक्रोडाचा दस्ता गरम तेलाने तापवून थोडा वळवता येतो, आणि पुढच्या चापाची डावी कड कानशीने गोल करणे हे कोणत्याही बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे काम. पहारेकरी नेमताना परवाना, वय, पूर्वीची नोकरी या रकान्यांशेजारी ‘बंदूक कोणत्या खांद्याला लावता?’ हा आणखी एक रकाना छापायला फारशी शाई लागणार नाही.